जुळे सोलापुरातली तीन फुटी रीफ टाकी : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

खाऱ्या पाण्याच्या, कोरल (प्रवाळ) आणि माशांच्या टाकीची जागा ठरली. तळमजला, हॉलची उत्तरेकडची भिंत. पश्चिमेची भिंत मोकळी होती, पण सोलापुरात उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता आत सोडत राहते. टाकी एकदा भरली की हलवता येत नाही, म्हणून मे महिना डोळ्यांपुढे ठेवूनच नोव्हेंबरमध्ये जागा बघायची.

टाकी ९० × ४५ × ४५ सेंटिमीटर, काच १० मिलिमीटर. खाली सम्प (वरचं पाणी जिथं उतरतं आणि पंपानं पुन्हा वर जातं ती छोटी टाकी) ६० × ३५ × ३५. काच, पाणी, खडक, वाळू, सम्प आणि स्टँड धरून वजन ३०० किलोच्या आसपास जातं. हे सगळं अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर येतं. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून काढलेला असतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर ठेवायची झाली तर भिंतीलगत, तुळईच्या वर किंवा जवळ ठेवावी. खोलीच्या मधोमध कधीही नको.

स्टँड ४० मिलिमीटर चौकोनी लोखंडी पाइपचा. आधी झिंक प्रायमर, वर इपॉक्सी रंगाचे दोन हात. वेल्डिंगचे सांधे आधी घासून घेतले, कारण खाऱ्या पाण्याचा गंज सांध्यापासूनच सुरू होतो. वर प्लायऐवजी पॉलिश केलेली शहाबादी फरशी टाकली. प्लायच्या कडेतून खारं पाणी मुरलं की ती फुगते, फरशीला ते भय नाही. फरशीवर १२ मिलिमीटर थर्माकोल. गवंड्याच्या लेव्हल ट्यूबनं पातळी पाहिली: ९० सेंटिमीटरमध्ये २ मिलिमीटरचा फरक निघाला. पायाखाली पत्रा सारून तो काढला.

२३ नोव्हेंबर

पाइपजोडणी. खाली येणारी लाइन ३२ मिलिमीटर यूपीव्हीसी, वर जाणारी २० मिलिमीटर. सगळे व्हॉल्व्ह प्लॅस्टिकचे. हार्डवेअरच्या दुकानात पितळी बॉलव्हॉल्व्ह आग्रहानं दिला जातो. तो घ्यायचा नाही. पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि कोळंबी, गोगलगाई, कोरल यांना फार थोड्या तांब्यानंही मारतं.

वर जाणाऱ्या पाइपला टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली १ सेंटिमीटरवर ६ मिलिमीटरचं भोक पाडलं. वीज गेली की पंप थांबतो आणि पाणी त्याच पाइपनं उलटं सायफन होऊन सम्पमध्ये येतं. पातळी भोकापर्यंत उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे भोक शेवाळानं बुजतं, म्हणून महिन्यातून एकदा काडीनं साफ करायचं असं यादीत घातलं.

वीज: ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), वेगळं अर्थिंग, आणि प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली झोळ. वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही.

२६ नोव्हेंबर

बोअरच्या पाण्यानं गळती चाचणी, ४८ तास. पाइपच्या एका युनियनला (उघडता येणाऱ्या जोडाला) पाझर होता. ओ-रिंग पिळली गेली होती, बदलली. चाचणी चालू असताना पंप दहा वेळा बंद करून पाहिला. दर वेळी सुमारे १२ लिटर पाणी खाली येतं. सम्प २० सेंटिमीटर भरलेला ठेवला तर वर ३० लिटरची जागा उरते. तेवढी पुरे. सम्पवर २० सेंटिमीटरची खूण काळ्या चिकटपट्टीनं केली. चालू अवस्थेत पाणी या खुणेच्या वर न्यायचं नाही.

२ डिसेंबर

आजचं काम सगळ्यांत महत्त्वाचं आणि बहुतेक लोक यावरच पैसे वाचवायला जातात: पाणी.

बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ९२०. नळाचं उजनीचं पाणी त्याहून बरं, पण ते चार-पाच दिवसांआड येतं आणि क्लोरीन घातलेलं असतं. साठवण हौदातून घेतलं तरी रोजचा भरवसा नाही. म्हणून यंत्रणा बोअरवर बेतली: ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, बूस्टर पंप, १०० गॅलनचा आरओ मेंब्रेन, शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे मणी). घरात पिण्यासाठी लावलेला आरओ चालत नाही. त्याच्या शेवटी टीडीएस मुद्दाम वाढवलेला असतो आणि डीआय नसतो.

आज मोजलं: मेंब्रेननंतर २४, डीआयनंतर ०. चांगल्या पाण्यामागे तिप्पट पाणी वाया जातं. ते ड्रममध्ये धरून फरशी पुसायला आणि संडासासाठी वापरायचं. त्याचा टीडीएस १,२०० च्या घरात असतो, कुंड्यांना घालू नये. महिन्याभरात माती पांढरी धरते.

बोअरच्या पाण्याची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो वायू असल्यानं मेंब्रेनमधून सरळ पार होतो, टीडीएस मीटरला दिसत नाही आणि डीआय रेझिन मात्र झपाट्यानं संपवतो. उपाय स्वस्त आहे: मेंब्रेनमधून निघालेलं पाणी आधी एका पिंपात घ्यायचं, त्यात एअर पंपाचा दगड टाकून रात्रभर हवा मारायची आणि मग छोट्या पंपानं डीआयमधून काढायचं. रेझिन कितीतरी जास्त दिवस पुरतं.

९ डिसेंबर

मीठ मिसळलं. लक्ष्य ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे २५ अंशाला विशिष्ट घनता १.०२६४. सिंथेटिक रीफ मीठ लिटरला ३७ ग्रॅम धरलं. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. मीठ आधी टाकलं तर तळाशी तीव्र द्रावण होतं, कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ बसतो आणि तेवढं कॅल्शियम कायमचं हातचं जातं. पंप आणि हीटर लावून २४ तास फिरवलं.

रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यातलं मीठ मोजायचं यंत्र) शुद्ध पाण्यानं शून्यावर लावणं पुरत नाही. ३५ च्या जवळ तो २–३ पीपीटीनं चुकू शकतो. घरच्या घरी तपासणीचं द्रावण करता येतं: ३६.५ ग्रॅम शुद्ध, कोरडं सोडियम क्लोराइड आणि ९६३.५ ग्रॅम डीआय पाणी. याचं अपवर्तन ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतकंच येतं. आमचं यंत्र ३३ दाखवत होतं. तसंच वापरलं असतं तर टाकी ३७ वर चालली असती.

१० डिसेंबर

खडक आणि वाळू. टाकी कशाची असणार हे आज पक्कं झालं, म्हणून कायद्याची नोंद इथेच.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये खडक बांधणारी सगळी कठीण कोरल, काळी कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सगळे समुद्रपंखे आहेत. त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. मेलेल्या कोरलचा तुकडाही घेता येत नाही. परदेशी चित्रफिती पाहून ॲक्रोपोरा किंवा हॅमर कोरल ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. समुद्रघोडे आणि ट्रायडॅक्ना शिंपले यांचंही तेच. ही बंदी योग्यच आहे: लक्षद्वीप, मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात इथली प्रवाळं तापलेल्या पाण्यामुळे आधीच वारंवार पांढरी पडत आहेत. तेव्हा आपली टाकी मऊ कोरलची: झोअँथिड, मशरूम, लेदर. नवख्याला ती सोपीही पडतात आणि हललेली दिसतात, हा माझ्या मते त्यांचा मोठा गुण.

खडक म्हणून सच्छिद्र सिरॅमिकचे तयार तुकडे घेतले, १६ किलो. समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ घेतला नाही. काचेवर आधी प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर खडक, मग वाळू. खडक वाळूवर ठेवला तर पुढे वाळू उकरणारा गोबी मासा त्याखालची वाळू काढतो आणि खडक काचेवर येतो. वाळू ॲरॅगोनाइट, १ ते २ मिलिमीटर कणाची, १४ किलो, ३ सेंटिमीटर थर. मागच्या काचेपासून खडक ८ सेंटिमीटर दूर ठेवले. घासणी आत गेली पाहिजे.

पाणी २० लिटरच्या कॅननं मोजून भरलं: साडेआठ कॅन, १७० लिटर. हा आकडा टाकीवर लिहून ठेवला. पुढचा प्रत्येक हिशोब यावर चालतो आणि काचेच्या मापावरून काढलेला आकडा नेहमी फसवतो.

१२ डिसेंबर

जिवाणू वाढवायला सुरुवात. बाटलीतले नायट्रीफाइंग जिवाणू आणि खाद्य म्हणून अमोनिया. मेलेली कोळंबी टाकून सडवण्यापेक्षा अमोनियम क्लोराइड मोजून टाकणं चांगलं. हाच नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा किंवा किराणा दुकानातला घेऊ नये, त्यात धातूंची भेसळ असू शकते. प्रयोगशाळेचा घ्यावा. १७० लिटरमध्ये २ पीपीएम अमोनियासाठी १.०७ ग्रॅम.

दिवे बंद, स्किमर (हवेच्या फेसानं पाण्यातली घाण काढणारं यंत्र) बंद, पंप चालू, २६ अंश. थंडीत हॉल पहाटे २० पर्यंत उतरतो. २०० वॉटचा एक हीटर न लावता १०० वॉटचे दोन लावले. एक चालूच राहून अडकला तरी एकटा टाकी उकळवू शकत नाही. एक बंद पडला तर दुसरा सकाळपर्यंत तग धरतो.

१७ डिसेंबर: अमोनिया १.५, नायट्राइट ०.२.

२४ डिसेंबर: अमोनिया ०.२, नायट्राइट २ च्या वर. पुन्हा १ ग्रॅम दिला.

३१ डिसेंबर: अमोनिया ०, नायट्राइट ५ च्या आसपास. इथं लोक घाबरतात. गोड्या पाण्यात नायट्राइट विष आहे. खाऱ्या पाण्यात क्लोराइड एवढं असतं की माशाच्या कल्ल्यातून नायट्राइट फारसं आत शिरत नाही. मात्र ते असेपर्यंत नायट्रेटची चाचणी खोटी, फुगलेली येते. तो आकडा लिहून ठेवू नये.

७ जानेवारी २०२४: १ ग्रॅम दिल्यावर २४ तासांत अमोनिया ० आणि नायट्राइट ०. नायट्रेट ३०. ५० टक्के पाणी बदललं.

१४ जानेवारी

दिवे सुरू केले, ३० टक्के, ६ तास. आठवडाभरात वाळूवर तपकिरी, पुसली जाणारी पावडर: डायाटम. नव्या टाकीत येतातच. चार-पाच आठवड्यांत गेले नाहीत तर डीआय रेझिन पाहायचं. रेझिन संपत आलं की सिलिका सर्वांत आधी निसटते आणि मीटर तरीही ० दाखवू शकतो. सेरिथ गोगलगाई १० सोडल्या.

घरात सांगून ठेवलं: हॉलमध्ये डासांची कॉइल, लिक्विड, फवारा काही नाही. त्यातलं पायरेथ्रॉइड कोळंबी-खेकड्यांना फार थोडंही घातक असतं आणि स्किमर तर खोलीतली हवा ओढून पाण्यात बारीक मिसळतो. खिडकीला जाळी लावली. उदबत्ती आणि धूप देवघरातच, दार लावून.

२८ जानेवारी

मासे आले. टाकीत जन्मलेली ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी. समुद्रातून पकडलेले घेऊ नयेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्रानं क्लाउनफिशचं बीजोत्पादन भारतात बसवलं आहे, त्यामुळे इथे वाढवलेले मासे मिळू शकतात. विचारून, खात्री करून घ्यावेत.

मुंबईहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं थर्माकोलच्या खोक्यात. पॅकिंगपासून घरापर्यंत १४ तास. अशा लांबच्या पिशवीला तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसणं घातक आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि साठलेला अमोनिया निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तेच अमोनियम मिनिटांत विषारी अमोनिया बनतं. म्हणून पाठवणाऱ्याला आधीच क्षारता विचारली होती: ३०. विलगीकरणाचं पाणीही ३० च ठेवलं. बंद पिशवी २० मिनिटं तरंगवून तापमान जुळवलं, उघडली आणि मासे लगेच कपानं काढून सोडले. पिशवीतलं पाणी मोरीत. क्षारता रोज १ नं चढवत ३५.

विलगीकरण: ४५ लिटरचा प्लॅस्टिक क्रेट, तीन आठवडे सम्पमध्ये मुरवलेला स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसीचे तुकडे. ३० दिवस. पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध इथेच द्यायचं. मुख्य टाकीत तांबं एकदा गेलं तर खडक ते शोषतात आणि त्या टाकीत पुढे कोळंबी ठेवायची सोय राहत नाही.

३ मार्च

ठिपके नाहीत, खाणं उत्तम. मासे मुख्य टाकीत. दिवसातून दोनदा, दीड मिनिटात संपेल इतकंच.

१० मार्च

झोअँथिड ३ तुकडे, मशरूम २, टोडस्टूल लेदर १. डिपच्या (कीड काढणाऱ्या) द्रावणात १० मिनिटं, मग तुकड्याची खालची बाजू भिंगाखाली. एकीवर नुडीब्रँकच्या (कोरल खाणाऱ्या समुद्री गोगलगाईच्या) अंड्यांची पांढुरकी चकती होती. चिमट्यानं खरवडून काढली. डिप अंड्यांना मारत नाही, हे विसरू नये.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चश्मा, दर वेळी. काही जातींत पॅलीटॉक्सिन असतं. जखमेतून, डोळ्यातून किंवा श्वासातून गेलं तर माणूस दवाखान्यात जातो. त्यांचा खडक उकळत्या पाण्यात कधी टाकायचा नाही. वाफेतून विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. वाळलेला खडकही कोरडा घासू नये.

प्रकाश झोअँथिडच्या जागी पार (कोरलला उपयोगी प्रकाशाचं माप) ८०–१००, मशरूमला खाली ५०. दिवे ३० वरून दर आठवड्याला ५ टक्क्यांनी वाढवायचे. दोन वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारे पंप), ताशी ४,००० लिटरचे, समोरासमोर, आळीपाळीनं. लेदर कोरल रसायनं सोडतं, म्हणून सम्पमध्ये १०० ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कार्बन, महिन्याला बदल.

आजची मोजणी: २५.८ अंश, ३५ पीपीटी, केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८.१, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १,३४०, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६.

३१ मार्च

खोली ३३, टाकी २७.६. हीटर काढले नाहीत. २५ ला लावून ठेवले. पंखे २६ ला चालू, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) २६.८ ला. तिघांत अंतर हवं, नाहीतर हीटर तापवतो आणि चिलर थंड करतो आणि मीटर दोघांचं बिल फिरवतो.

२१ एप्रिल

बाहेर ४२ च्या पुढे. सम्पवर दोन १२० मिलिमीटरचे पंखे, टाकीवर एक. फक्त पंख्यांवर टाकी २६.९.

सोलापूरच्या कोरड्या उन्हाचा इथे खरा उपयोग होतो. हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या बल्बचं तापमान २३–२४ च राहतं. पंख्याखालचं पाणी त्या दिशेनं थंड होत जातं. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत हाच पंखा जवळजवळ निरुपयोगी. आपल्याकडचा कूलर ज्या नियमानं चालतो, त्याच नियमानं ही टाकी थंड राहते. १ लिटर पाणी उडताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता घेऊन जातं. सध्या रोज ६ लिटर उडतंय, म्हणजे दिवसाला ४ युनिटांची उष्णता बाहेर.

किंमत पाण्यात द्यावी लागते. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागे राहतं. एक दिवस भर (उडालेल्याच्या जागी गोडं पाणी) टाकली नाही तर ३५ ची क्षारता ३६.३ होते, दोन दिवसांत ३७.७. समुद्रापासून इतक्या लांब खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळायची म्हणजे रोजचं काम गोड्या पाण्याचं आहे. आठवड्याला भर ४२ लिटर, पाणीबदल १७, एकूण ५९. त्यामागे वाया जाणारं १७७. फेब्रुवारीत हे निम्म्याहून कमी होतं. साठा नेहमी ६० लिटर तयार ठेवायचा. बोअरची मोटर एखाद्या दिवशी चाललीच नाही तर आठवडाभराची चिंता नको.

हॉलमध्ये कूलर लावावा का? लावावा. हवा ओली झाल्यानं बाष्पीभवन कमी होतं, पण खोली ३६ वरून ३० वर येते, काचेतून शिरणारी उष्णता घटते आणि भर ६ वरून ४ लिटरवर आली. फक्त कूलरचा झोत टाकीवर थेट येऊ देऊ नये. धूळ आणि तुषार पाण्यात जातात.

५ मे

उजनी वजा साठ्यात. बोअरचा टीडीएस १,१४०. सेडिमेंट फिल्टर तीन आठवड्यांत लाल झाला, बदलला. चिलर, १/१० अश्वशक्ती, दुपारी ३ ते ७ चालतो. त्याची गरम हवा आधी स्टँडच्या कपाटातच फिरत होती: कपाट ४१ अंश, चिलर सतत चालू, टाकी २७.५. चिलर खिडकीशी नेला, गरम हवेचं तोंड बाहेर. तासाभरात फरक दिसला.

१२ मे

वादळी वाऱ्यात साडेपाच तास वीज नव्हती. २६ अंशाच्या खाऱ्या पाण्यात लिटरला जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, गोड्यात आठ. पाणी हलायचं थांबलं की मासे आधी गुदमरतात, उष्णता नंतर मारते. म्हणून इन्व्हर्टरवर पहिला हक्क वेव्हमेकरचा. एक वेव्हमेकर १२ वॉट, एक एअर पंप ५ वॉट; १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीवर सहज रात्र निघते. रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर चढवणारा), स्किमर, दिवे इन्व्हर्टरवर घेतलेले नाहीत. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप घुमतो आणि तापतो; ॲडॉप्टरवरच्या डीसी पंपाला त्रास नाही. पाच तासांत टाकी २६.७ वरून २८.४. बर्फाच्या बाटल्या तयार होत्या: १ लिटरच्या दोन, झाकण घट्ट, सम्पमध्ये. बर्फ थेट पाण्यात कधी टाकू नये.

१९ मे

बिघाड. भर टाकणाऱ्या यंत्रणेचा फ्लोट अडकला. पाहिलं तर एक सेरिथ गोगलगाय फ्लोटच्या दांड्यावर चढून बसली होती. फ्लोट खाली दाबलेला, म्हणजे ‘पाणी कमी आहे’ असा निरोप सतत. पिंपातलं सगळं, २० लिटर, सम्पमध्ये गेलं. क्षारता ३१.३. झोअँथिड मिटलेले, मशरूम आक्रसलेले, क्लाउनफिश ठीक.

सम्प सांडला नाही, कारण वरची ३० लिटर जागा. टाकी वाचली, कारण पिंप २० लिटरचंच होतं. ६० लिटरच्या साठ्यालाच नळी लावली असती तर क्षारता २६ वर गेली असती. साठा मोठा ठेवा, पण यंत्रणेला जोडलेलं पिंप लहानच.

दुरुस्ती: सम्पमधलं जादा २० लिटर काढलं आणि पुढचे चार दिवस भर गोड्या पाण्याऐवजी खाऱ्या पाण्याची. रोज १ पीपीटी, त्याहून वेगानं नाही. फ्लोटभोवती जाळीचा डबा आणि वर दुसरा, सुरक्षेचा फ्लोट बसवला. पाणी खुणेच्या २ सेंटिमीटर वर गेलं की तो भर टाकणाऱ्या पंपाची वीज तोडतो. चौथ्या दिवशी झोअँथिड पूर्ण उघडले.

९ जून

पाऊस सुरू. खोली ३०, आर्द्रता ८० टक्के, आणि टाकी २८ च्या वर! मे महिन्यापेक्षा हवा थंड, तरी पाणी गरम, कारण पाणी उडतच नाही. रोजची भर दीड लिटर. पंख्यांचा जोर ओसरला की चिलरला जास्त वेळ चालावं लागतं. ‘उन्हाळा संपला’ म्हणून चिलर काढून ठेवायची चूक जूनमध्येच होते.

२३ जून

वाळूवर आणि लेदरच्या देठावर तपकिरी, लाळेसारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे. रात्री नाहीसे, दुपारी पुन्हा. नायट्रेट ०, फॉस्फेट ०.

चूक आमची: हिरवं शेवाळ दिसलं म्हणून मे अखेरीस फॉस्फेट शोषणारं जीएफओ ५० ग्रॅम लावलं, एवढ्या टाकीला १५ पुरे होतं. पोषक द्रव्यं शून्यावर आली की शेवाळ आणि जिवाणू मागे पडतात आणि मोकळी जागा डायनोफ्लॅजेलेट (एकपेशी सूक्ष्मजीव, थोडक्यात डायनो) घेतात. ‘शून्य म्हणजे स्वच्छ’ हा समज रीफ टाकीत महागात पडतो.

खात्री करायची पद्धत: थोडा गाळ पाण्यासकट बाटलीत घेऊन जोरात हलवायचा, कॉफी फिल्टरमधून गाळायचा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवायचं. तासाभरात धागे पुन्हा जमले तर डायनो. आमचे जमले. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाच्या आकाराच्या पेशी एका टोकाभोवती गिरक्या घेताना दिसल्या: ऑस्ट्रिओप्सिस. हेही विषारी, हातमोजे.

उपाय: जीएफओ बंद. पाणीबदल बंद. ४७० मिलिग्रॅम सोडियम नायट्रेटनं १७० लिटरमध्ये नायट्रेट २ पीपीएमनं वाढतं. रोज मोजून ५ वर आणायचं. फॉस्फेटसाठी खाद्य वाढवलं. दिवे तीन दिवस पूर्ण बंद. ऑस्ट्रिओप्सिस रात्री पाण्यात तरंगतं, म्हणून टाकीतच ११ वॉटचा यूव्ही दिवा. वाळूत राहणाऱ्या जातींवर यूव्हीचा उपयोग होत नाही, म्हणून जात ओळखल्याशिवाय तो विकत घेऊ नये.

३० जून: निम्मे. नायट्रेट ४, फॉस्फेट ०.०३. दोन गोगलगाई मेल्या.

१४ जुलै

धागे नाहीत. काचेवर हिरवट थर येऊ लागला, हे चांगलं लक्षण. नायट्रेट ७, फॉस्फेट ०.०७. पाणीबदल पुन्हा सुरू, आठवड्याला १७ लिटर, ६३० ग्रॅम मीठ.

४ ऑगस्ट

खडकांवर जांभळे ठिपके, कोरलाइन शेवाळ. केएच रोज ०.२ नं उतरतोय: पाणीबदलानंतर ८, आठवड्याअखेर ६.८. चुन्याची निवळी सुरू केली. लिटरभर डीआय पाण्यात २ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, हलवून रात्रभर झाकून ठेवायचं. दीड ग्रॅमच्या आसपास विरघळतं, बाकी तळाशी. वरची नितळ निवळी घ्यायची, साका ढवळायचा नाही. पानाचा चुना नको, प्रयोगशाळेचा किंवा खाद्य दर्जाचा.

मात्रा: ०.२ केएचसाठी ३०० मिलिलिटर, पहाटे, जोराच्या प्रवाहात, थेंब-थेंब. पहाटे पीएच सर्वांत कमी असतो आणि निवळीचा पीएच १२ च्या वर.

पुष्कळ ठिकाणी सल्ला असतो की भर टाकायच्या पिंपातच निवळी भरा. थंड, दमट गावात तो चालतो. इथं मे महिन्यात रोज ६ लिटर भर जाते. ती सगळी निवळी असती तर केएच दिवसाला ४ नं चढला असता आणि दोन दिवसांत टाकीत पांढरा गाळ बसला असता. सोलापुरात निवळीचं भांडं वेगळं, मात्रा वेगळी, भर साध्या डीआयची.

२५ ऑगस्ट

२६.१ अंश, ३५ पीपीटी, केएच ७.९, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १,३२०, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६. बोअरचा टीडीएस ६४०. झोअँथिडचे तीन तुकडे १४ तोंडांचे आले होते, आज ५१ मोजली. लेदरनं मेणासारखी कात टाकली. दोन दिवस मिटलेलं असतं, मग प्रवाहानं पापुद्रा उडतो. हात लावायचा नाही.

वेव्हमेकर काढून लिंबाच्या सताच्या पाण्यात (लिटरला ५० ग्रॅम) तासभर ठेवले. रोटरवरचा चुनखडीचा थर निघाला आणि आवाज गेला. सायफनचं भोक काडीनं साफ केलं. सुरक्षेचा फ्लोट हातानं उचलून पाहिला, पंप थांबतो. डीआय रेझिनचा रंग वरून दोन तृतीयांश बदललाय. नवं मागवलं, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरायचं.